मुठीत मावणारा फोन आणि मालकीचा प्रश्न

तळहातावर धरला असता ज्याच्या पडद्याचा प्रत्येक कोपरा त्याच हाताच्या अंगठ्याला गाठता येतो, असा नवा स्मार्टफोन आज मोठ्या कंपन्यांच्या दुकानांत जवळजवळ दुर्मीळ झाला आहे. आणि ज्यांना असाच फोन हवा असतो त्यांना जुना फोन जपणे, त्याची वेळोवेळी डागडुजी करणे आणि निर्मात्याचे त्याच्यावरील लक्ष उडाल्यानंतरही तो आपल्या कामाचा ठेवणे, एवढा एकच मार्ग उरला आहे. हा मार्ग विवेकाचा की हट्टाचा, याविषयी माझ्या परिचयातील दोन विचारी माणसांमध्ये दीर्घकाळ मतभेद चालत आला आहे, आणि तो केवळ घरगुती स्वरूपाचा नसून त्यात आपणा सर्वांच्या हक्कांचा प्रश्न गुंतलेला आहे असे मला वाटत असल्यामुळे त्याची हकिगत येथे देत आहे. एक पक्ष महसूल खात्यातून नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालेल्या माझ्या स्नेह्यांचा, व दुसरा त्यांच्या भाचीचा, जी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकविते. वयावरून वाचक जे अनुमान करील त्याच्या नेमकी उलट येथे वस्तुस्थिती आहे : मोठ्या आणि नव्या फोनची बाजू मामा घेतात, लहान आणि जुन्या फोनची भाची.

भाची वापरते तो फोन म्हणजे मार्च 2016 मध्ये बाजारात आलेला पहिला आयफोन एसई. त्याचा पडदा चार इंचांचा, आणि वजन 113 ग्रॅम. त्याच कंपनीचा 2024 सालचा सर्वांत मोठा फोन 227 ग्रॅम भरतो, म्हणजे भाचीचे दोन फोन एका पारड्यात टाकले तरी तो दुसऱ्या पारड्यातून किंचित भारीच ठरेल.

मामांचा पहिला आक्षेप दृष्टीचा होता. “साठी उलटलेल्या माणसाच्या डोळ्यांची अवस्था तुला अजून कळायची आहे,” ते म्हणाले. “वाचता येईल इतके अक्षर मोठे केले की तुझ्या त्या पडद्यावर एका ओळीत दोन शब्द मावतात, आणि त्यांतला एखादा जोडाक्षरांचा असला तर एकच. मराठी कळफलक उघडावा, तर जेथे इंग्रजीची सव्वीस अक्षरे बसतात तेथे आपल्या वर्णमालेला दाटीवाटीने बसावे लागते. मोठा पडदा ही माझ्या लेखी चैन नाही. त्याच्यामुळे वर्तमानपत्र, नातवंडांची पत्रे आणि बँकेचा हिशेब मी दुसऱ्या कोणाची मदत न घेता वाचू शकतो.”

“मामा, तुमच्या डोळ्यांना जे हवे त्याला माझी काहीच हरकत नाही,” ती म्हणाली. “माझी तक्रार इतकीच की तुमच्या गरजेचे माप सरसकट सर्वांना लावले गेले. 2012 मध्ये चार इंचांचा फोन काढला तेव्हा ॲपलने जाहिरातच अशी केली होती की, हा पडदा अंगठ्याच्या आवाक्याप्रमाणे बेतला आहे. दोन वर्षांनी त्याच कंपनीने 4.7 आणि 5.5 इंचांचे फोन आणले. अंगठ्याची लांबी तीच राहिली होती. युक्तिवाद मात्र कंपनीने सोडून दिला. एका हातात पिशवी असते, लोकलची दांडी असते, प्रयोगशाळेत परीक्षानळी असते. उरलेल्या एका हाताने जे काम निर्वेधपणे करता येते तेच माझ्या उपयोगाचे.”

यावर मामांनी बाजाराचा निवाडा पुढे केला. लहान फोन लोकांना खरोखर हवे असते तर ते खपले असते. 2020 आणि 2021 या दोन्ही वर्षी ॲपलने 5.4 इंचांचा ‘मिनी’ काढला, आणि 2022 मध्ये त्याची जागा 6.7 इंचांच्या फोनला दिली, यावरून काय समजायचे ते समजावे. भाचीजवळ याचे उत्तर तयार होते. एसई बाजारात आणताना कंपनीने स्वतःच जाहीर केले होते की, मोठे पडदे उपलब्ध असूनही 2015 या एका वर्षात चार इंचांचे तीन कोटी आयफोन विकले गेले. तीन कोटी माणसांची आवड ही अल्पसंख्याकांची आवड असू शकेल, परंतु तिला नगण्य म्हणता येत नाही. येथे मला मामांच्या बाजूने एक गोष्ट नमूद केली पाहिजे, जी त्यांनीही मांडली आणि भाचीने विनातक्रार मान्य केली : फोन लहान केला की त्यातील बॅटरीला जागाही कमी मिळते, आणि दिवसभर पुरणारा फोन हवा असेल तर आकारमान वाढविण्याचा मोह निर्मात्याला होणे स्वाभाविक आहे. छायाचित्रांच्या बाबतीतही नव्या फोनची सरशी निर्विवाद आहे. तो मुद्दा दोघांनी एका वाक्यात मिटवून टाकला.

बॅटरीचा विषय निघाल्यावर मात्र भाचीतील अध्यापिका जागी झाली. “फोन जुना झाला असे लोक म्हणतात,” ती सांगू लागली, “तेव्हा पुष्कळ वेळा त्यातील एकच पदार्थ जुना झालेला असतो. लिथियम-आयन बॅटरी पहिल्या दिवसापासून झिजू लागते. तिच्या ग्राफाइटच्या ऋणाग्रावर एक अतिसूक्ष्म थर जमतो. हा थर आवश्यक असतो, कारण आतील द्रावाचे विघटन तोच रोखून धरतो. परंतु तो सावकाश वाढतच राहतो, त्यात लिथियम अडकून पडते, बॅटरीची धारणशक्ती घटते आणि तिचा अंतर्गत रोध वाढतो. मग एखाद्या क्षणी प्रोसेसरने एकदम अधिक वीज मागितली की विभव कोसळते, आणि पडद्यावर तीस टक्के शिल्लक दिसत असतानाच फोन मालवतो. माणसाला वाटते यंत्र गेले. वास्तविक बिघडलेली असते ती एक पातळशी चकती, जी बदलता येते.”

“आणि हेच टाळण्यासाठी त्या कंपनीने फोनचा वेग कमी केला होता ना?” मामांनी विचारले. “त्यात तांत्रिक दृष्ट्या गैर काय होते? यंत्र बंद पडण्यापेक्षा ते मंद चाललेले बरे.”

“तांत्रिक दृष्ट्या गैर काहीच नव्हते, आणि तेच मला अधिक खेदाचे वाटते. योग्य उपाय योग्य माणसाला न सांगता केला गेला. डिसेंबर 2017 मध्ये, लोकांनी मोजमापे घेऊन प्रश्न विचारल्यानंतर, ॲपलने कबुली दिली की झिजलेल्या बॅटरीच्या फोनांचा वेग प्रणालीतून कमी केला जातो. तोपर्यंत किती माणसांनी केवळ मंदपणाला कंटाळून नवा फोन घेतला असेल! त्यांना नवी बॅटरी पुरेशी होती, पण तसे त्यांना कोणी सांगितले नव्हते. फ्रान्सच्या ग्राहक-संरक्षण यंत्रणेने फेब्रुवारी 2020 मध्ये अडीच कोटी युरोंचा दंड केला तो या न सांगण्याबद्दल. अमेरिकेत त्याच वर्षी पन्नास कोटी डॉलरपर्यंतच्या भरपाईची तडजोड झाली.”

तिने स्वतः आपल्या फोनची बॅटरी बदलली आहे, आणि त्या कामाचे वर्णन ती ज्या आस्थेने करते ते ऐकण्यासारखे असते. तळाचे दोन बारीक पंचकोनी खाचांचे स्क्रू काढायचे, पडदा हलकेच उचलायचा, पण एकदम वर ओढायचा नाही. कारण अंगुलिमुद्रा ओळखणाऱ्या बटणापासून खालच्या भागाकडे एक नाजूक पट्टी गेलेली असते, आणि ती आधी सोडविली नाही तर फाटते. बॅटरीखालचा चिकट पट्टा घाईने ओढला तर मध्येच तुटतो; सावकाश, सपाट कोनात ओढला तर पूर्ण निघतो. बॅटरी घेतानाही सावध असावे लागते. पुण्याच्या तपकीर गल्लीत काय किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय, मूळ बॅटरीहून बरीच अधिक क्षमता छापलेली बॅटरी कोणी त्याच आकारात देऊ लागला, तर तो आकडा छपाईपुरताच खरा समजावा. बाकीची निगा साधी आहे : फोन उन्हात किंवा उशीखाली तापू द्यायचा नाही, चार्ज शक्यतो वीस आणि ऐंशी टक्क्यांच्या दरम्यान ठेवायचा, साठवणूक काठोकाठ भरू द्यायची नाही, आणि चार्जर नीट बसेनासा झाला तर तो बिघाड आहे असे गृहीत धरण्यापूर्वी त्या खाचेत खिशातील सुताचा गोळा साचला आहे काय हे पाहून तो लाकडी काडीने अलगद काढायचा. या शेवटच्या उपायाने कित्येक फोन दुकानात जाण्यापासून वाचतील असे मलाही वाटते.

“हे सर्व ठीक,” मामा म्हणाले, “पण तू घराची डागडुजी करतेस आणि दाराच्या कुलपाचा विचार करीत नाहीस. फोनच्या प्रणालीतील दोष रोज कोणी ना कोणी शोधीत असतो. त्यांवरील दुरुस्त्या यावयाच्या थांबल्या की तो फोन म्हणजे उघडे दप्तर. त्यात तुझे बँकेचे खाते, तुझा पत्रव्यवहार, तुझ्या विद्यार्थ्यांचे गुण. अशा दप्तराच्या रक्षणाची जबाबदारी माझ्यावर सेवेत असताना होती, म्हणून मला ही चिंता वाटते.”

हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि भाचीने तो टाळला नाही. 2022 मध्ये आलेली आयओएस 16 ही प्रणाली तिच्या फोनला मिळाली नाही. तथापि पंधराव्या आवृत्तीवरील सुरक्षेच्या दुरुस्त्या सप्टेंबर 2025 पर्यंतही येत राहिल्या, म्हणजे फोन बाजारात आल्यावर नऊ वर्षांहून अधिक काळ. मामांनी लगेच बजाविले की ही लिखित हमी नव्हती. जी गोष्ट केव्हा थांबेल हे देणाऱ्याने सांगितलेले नाही तिच्या भरवशावर राहणे शहाणपणाचे नाही. “मान्य,” ती म्हणाली. “म्हणून माझे मुख्य खाते या फोनला जोडलेले नाही. किरकोळ खर्चाचे एक वेगळे खाते आहे, आणि गेली तर तेवढीच रक्कम जाईल. दुरुस्त्या थांबल्या असे दिसले की तेही काढून घेईन. अँड्रॉइडच्या जुन्या फोनांची अवस्था याहून बिकट आहे हेही मला ठाऊक आहे. कोणती संकेतस्थळे विश्वासार्ह मानायची याची एक यादी फोनमध्ये असते, आणि त्या यादीतील सनदांना मुदती असतात. लक्षावधी संकेतस्थळे ज्या एका मूळ प्रमाणपत्राच्या आधारे ओळखली जात त्याची मुदत 30 सप्टेंबर 2021 रोजी संपली, अँड्रॉइड 7.1.1 पूर्वीच्या फोनांच्या यादीत त्याच्या जागी आलेले नवे प्रमाणपत्र नव्हते, म्हणून त्यांच्यासाठी विशेष तजवीज करावी लागली, आणि तीही सप्टेंबर 2024 पर्यंतच होती. फोन शाबूत, पडदा शाबूत, आणि तरीही निम्मे जग त्याला अनोळखी झाले. मामा, तुम्ही याला यंत्राचा मृत्यू म्हणता. मी म्हणेन की यंत्र जिवंत असताना त्याच्या नावाची नोंद कमी करण्यात आली.”

“नोंद कमी करण्याचे परिणाम काय होतात ते मी जाणतो,” मामा गंभीरपणे म्हणाले, आणि त्यानंतर त्यांनी जे सांगितले ते मला या साऱ्या चर्चेतील सर्वांत मोलाचे वाटते. निवृत्तिवेतन घेणाऱ्याला दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. नोव्हेंबर 2014 मध्ये ‘जीवन प्रमाण’ या नावाने तो संगणकाद्वारे देण्याची सोय झाली, आणि नोव्हेंबर 2021 पासून चेहऱ्यावरून ओळख पटवून घरबसल्या फोनवरून तो देता येऊ लागला. ज्यांच्या बोटांच्या रेषा वयाने पुसट झाल्या आहेत, ज्यांना बँकेच्या पायऱ्या चढवत नाहीत, त्यांना ही सोय म्हणजे मोठाच आधार. पण तिला बऱ्यापैकी कॅमेरा लागतो आणि बऱ्यापैकी नवी प्रणाली लागते. “मी मोठा, नवा फोन घेतला तो या कारणाने. मी हयात आहे हे सरकारला पटवून देणारे यंत्र ऐन वेळी नादुरुस्त किंवा कालबाह्य निघालेले मला चालणार नाही.”

“आणि ज्याच्याजवळ तसा फोन नाही त्याने?”

“त्याला बँक आहे, कोषागार आहे. ती दारे बंद झालेली नाहीत.”

“ती बंद होऊ नयेत एवढेच माझे म्हणणे आहे. ई-पीक पाहणीचे उदाहरण घ्या. पीक पाहणी करून गाव नमुना बारामध्ये नोंद घेणे हे तलाठ्याचे काम होते. ऑगस्ट 2021 पासून शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून फोनवरून पिकाचे छायाचित्र काढावे आणि नोंद करावी असे ठरले. शेतकऱ्याची माहिती शेतकऱ्यानेच भरावी, हा विचार मला उत्तम वाटतो. परंतु सातबाऱ्यावरील नोंद ही कर्जाला, विम्याला, नुकसानभरपाईला लागते. ज्या दिवशी त्या ॲपची नवी आवृत्ती जुन्या फोनवर उघडणार नाही, त्या दिवशी त्या शेतकऱ्याचे पीक शेतात उभे असेल आणि दप्तरात नसेल.”

मामा काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी सांगितले की एकाच फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते, शेजाऱ्याची मदत होते, आणि राहिलेल्या नोंदी गावपातळीवर पूर्ण करून घेण्याची तरतूदही आहे; पण हक्काची नोंद शेजाऱ्याच्या सवडीवर अवलंबून असू नये, हे तत्त्व त्यांनी त्याच वाक्यात कबूल केले. मला स्वतःला असे वाटते की शासनाने कोणतेही ॲप काढताना ते किती वर्षांपूर्वीच्या फोनवर चालले पाहिजे हे आधी ठरवावे आणि मग त्याची रचना करावी. लोकांच्या खिशात आज जे यंत्र आहे तेच या कामी प्रमाण मानले पाहिजे.

यानंतर संवाद मालकीवर आला. भाचीने मामांच्याच क्षेत्रातला दाखला काढला. “1948 च्या कूळकायद्यापूर्वी जमीन कसणारा माणूस बांध घाली, खत टाकी, विहीर खणी, आणि तरीही मालकाच्या मर्जीवर जमिनीवरून निघून जाई. 1 एप्रिल 1957 या दिवशी कायद्याने त्याला मालक मानले. मी या फोनची पूर्ण किंमत मोजली आहे, त्याला नवी बॅटरी घातली आहे. तरी त्यातले अंगुलिमुद्रेचे बटण मोडले तर दुसरे बटण बोट ओळखीत नाही, कारण मूळ बटणाची त्या मदरबोर्डशी गाठ कारखान्यातच मारलेली असते. कंपनीने दुरुस्त्या थांबविल्या तर मला माझ्या पसंतीची दुसरी प्रणालीही त्यात घालता येत नाही. मग मी मालक की कूळ?”

“दाखला पुरता जुळत नाही,” मामा म्हणाले. “कूळ दर वर्षी खंड भरीत असे. तू एकदाच किंमत दिलीस, आणि तुझ्या फोनमधील दोष दूर करण्यासाठी कोणी पगारी माणसे नऊ वर्षे राबली. त्यांचा खर्च कोणी सोसायचा?”

“तो किमतीतच धरलेला असतो. नसेल, तर किती वर्षांचा धरला आहे ते विकताना लिहून द्यावे.”

“हे मला मान्य आहे. खरेदीखतात मुदत लिहिलेली असावी.”

येथे दोघांचे एकमत झाले, आणि आता जगातही वारे त्याच दिशेने वाहू लागले आहे याचा दोघांनाही संतोष आहे. गूगलने 2023 मध्ये आणि सॅमसंगने 2024 च्या आरंभी आपल्या वरच्या श्रेणीच्या फोनांना सात वर्षे दुरुस्त्या देण्याचे आश्वासन दिले. युरोपीय संघात 20 जून 2025 पासून असा नियम आहे की, फोनची विक्री बंद झाल्यापासून निदान पाच वर्षे प्रणालीच्या सुधारणा आणि सात वर्षे महत्त्वाचे सुटे भाग मिळाले पाहिजेत, आणि बॅटरीने आठशे आवर्तनांनंतरही ऐंशी टक्के क्षमता राखली पाहिजे. आपल्या देशात केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, आणि मे 2025 मध्ये फोनांसाठी दुरुस्ती-निर्देशांक सुचविणारा अहवाल त्या विभागाकडे आला. म्हणजे फोन किती सहज उघडतो, त्याचे भाग किती काळ मिळतात, दुरुस्त्या किती वर्षे येतात, हे विकत घेण्यापूर्वीच ग्राहकाला दिसावे. निर्देशांक माहिती देतो. सक्ती करीत नाही. म्हणून मामांनी, सेवेतील सवयीस अनुसरून, त्या विभागाकडे पाठवावयाच्या अर्जाचा मसुदा करावयास घेतला आहे. पहिले कलम : दुरुस्त्यांची अखेरची तारीख खोक्यावर मराठीसह भारतीय भाषांत ठळक छापावी. ते भाचीने एक शब्दही न बदलता स्वीकारले.

दुसऱ्या कलमावर काम अडले आहे. भाचीला असे हवे की, ती तारीख उलटल्यावर निर्मात्याने फोनची कुलपे काढून द्यावीत, जेणेकरून लिनिएजओएससारख्या मुक्त प्रणाली जाणकारांना त्यात घालता येतील. मामांची हरकत अशी की, अशा रीतीने कुलूप काढलेल्या अँड्रॉइड फोनवर कित्येक बँकांची ॲपे आजही चालण्याचे नाकारतात, आणि ते नाकारणे अकारण नाही. उद्या त्या फोनवरून कोणाची फसवणूक झाली तर जबाबदार कोण? निर्माता म्हणेल मुदत संपली, प्रणाली लिहिणारा म्हणेल मी मोबदला घेतला नाही, बँक म्हणेल फोन अधिकृत नव्हता. भाचीचे उत्तर असे की, मुदत संपलेल्या आणि दुरुस्ती नसलेल्या फोनवर हीच बँक आज व्यवहार होऊ देते, आणि तेथेही फसवणूक झाली तर ग्राहक एकटाच असतो; ज्या प्रणालीत गेल्या महिन्यातील दोष दुरुस्त झालेला आहे ती केवळ निर्मात्याची नाही म्हणून अधिक धोक्याची कशी मानायची, याचे उत्तर आधी बँकांनी द्यावे, आणि तोच प्रश्न आपण या कलमाखाली लिहावा. मामा म्हणतात, अर्जात प्रश्न लिहावयाचे नसतात, मागण्या लिहावयाच्या असतात. आणि भाची त्या प्रश्नाची मागणी करून देण्याच्या खटपटीला लागली आहे.